कामशेतनंतरची पायरी: पहिल्या एसआयव्हीला जाण्याआधी

पॅराग्लायडिंग शिकताना कामशेतला शिंदेवाडी किंवा टॉवर हिलवर सोअरिंग (टेकडीला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणं) हातात बसलं, थोडेफार थर्मल (गरम हवेचे वर चढणारे झोत) पकडता येऊ लागले, आता हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जायचं मनात आहे. बहुतेक मराठी पायलट या टप्प्यावर येतात तेव्हा त्यांनी विंग (डोक्यावरचा कापडी पंख) नीट कोलॅप्स झालेली, म्हणजे हवेत दुमडलेली, पाहिलेलीच नसते. ती पहिल्यांदा धौलाधारच्या कड्याला लागून, दुपारच्या खडबडीत हवेत पाहू नये, यासाठी एसआयव्ही हा सरावाचा कोर्स असतो. उड्डाणात जे जे बिघडू शकतं ते मुद्दाम, भरपूर उंचीवर, पाण्याच्या वर आणि रेडिओवर प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत घडवून आणायचं.

कामशेतला हे करायचं नाही, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. तिथे टेकऑफ आणि लँडिंग यांत फरक काहीशे फुटांचा. अर्धी विंग दुमडून ऑटोरोटेशन (आपोआप गरगर फिरणं) सुरू झालं की सेकंदाला १५ मीटर या वेगाने खाली येणं अगदी शक्य असतं. म्हणजे १५० मीटर उंची १० सेकंदांत संपते, आणि त्यातूनच रिझर्व्ह (आपत्कालीन पॅराशूट) उघडायला लागणारी उंचीही वजा करायची. पवनेचं पाणी समोर दिसतं म्हणून तिथे 'थोडंसं करून बघू' हा विचार मनात आणू नका. आपल्याकडून जवळचं ठिकाण म्हणजे पोखरा: सारंगकोटच्या खाली सुमारे ७०० मीटरवर फेवा तलाव आहे. तुर्कस्तानात ओलुदेनिझला बाबादाग डोंगराचे टेकऑफ १७०० ते १९०० मीटरवर आहेत आणि खाली थेट समुद्र, त्यामुळे एका उड्डाणात बरेच प्रकार करता येतात. युरोपात राहणाऱ्यांना फ्रान्समधलं आनसी सोयीचं. बीरला उंची भरपूर आहे, पण खाली शेतं आणि घरं आहेत, तळं नाही.

निघण्याआधी जमिनीवर

विंग ए किंवा साध्या बी वर्गाची (सर्वांत सुरक्षित मानले जाणारे वर्ग), आणि तुमचीच असावी. भाड्याच्या विंगवर शिकलेले प्रतिसाद आपल्या विंगवर तसेच लागू पडत नाहीत. वजन मोजताना तुम्ही, विंग, हार्नेस (बसायची पट्ट्यांची सीट), रिझर्व्ह, हेल्मेट आणि कपडे सगळं धरा. शरीराच्या वजनात साधारण १८ ते २० किलोंची भर पडते. हा आकडा विंगवर आणि रिझर्व्हवर छापलेल्या मर्यादेत बसायला हवा. रिझर्व्हच्या बाबतीत तर खासच. ईएन १२४९१ या मानकानुसार कमाल वजनावर त्याचा उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा जास्त नसावा लागतो. तेवढ्या वेगाने आपटणं म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीवरून उडी मारणं. मर्यादेपेक्षा जड असाल तर याहून वेगाने आपटाल.

पॉड हार्नेस (पाय झाकून लांब सोडायचा) असेल तर पहिल्या एसआयव्हीला साधा बसायचा हार्नेस वापरा. पाय लांब सोडलेले असले की विंग झटकन फिरते, शरीर मागे राहतं आणि रायझर (हार्नेसला विंगच्या लाइनींशी, म्हणजे दोऱ्यांशी जोडणारे पट्टे) पिळले जातात. पिळलेल्या रायझरमधून ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) ओढले जात नाहीत. छातीच्या पट्ट्याचं अंतर विंगच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुधा ४० ते ४८ सेंटिमीटरच्या दरम्यान. ते टेपने मोजून लावा. फार घट्ट लावल्याने सुरक्षित वाटतं, पण पीळ पडायचा धोका वाढतो.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम. हार्नेस दोरीने टांगा, त्यात बसा आणि रिझर्व्ह खरोखर ओढून काढा. हँडल आणि आतली पिशवी यांना जोडणाऱ्या पट्टीत पुरेशी ढील हवी. ती आखूड असेल तर पिना सुटण्याआधीच पिशवीवर ताण येतो आणि हँडल अडकून बसतं. रिझर्व्ह एका कंपनीचा आणि हार्नेस दुसऱ्या कंपनीचा असला की हा दोष हमखास तपासावा लागतो. महिनोन्महिने बंद राहिलेलं वेल्क्रोही घट्ट चिकटतं, ते अधूनमधून उघडून परत लावत जा. हात न बघता हँडलवर गेला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक उड्डाणात, हवा शांत असताना, हँडलला एकदा हात लावायची सवय ठेवा.

पिच: सगळ्याचा पाया

पहिल्या दिवशी प्रशिक्षक बहुतेक वेळ पिचवर, म्हणजे विंगच्या पुढे-मागे झुलण्यावर, घालवतात, आणि ते बरोबर आहे. दोन्ही ब्रेक ओढून विंग मागे घ्यायची, सोडून पुढे झेपू द्यायची, आणि ती डोक्याच्या पुढे जाऊ लागली की अडवायची. नियम एकच: विंग पुढे जात असेल तर ब्रेक, मागे असेल तर हात वर. ऐकायला सोपं आहे, पण घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, विंग मागे पडली की ब्रेक धरून ठेवतो. कोलॅप्स, स्पिन (एक बाजू मागे सरकून विंग गरगरणं), स्टॉल (विंग उडायचीच थांबणं) काहीही असो, शेवटी विंग पुढे झेपावतेच, आणि ती झेप योग्य क्षणी अडवता आली नाही तर एका घटनेतून दुसरी सुरू होते. ब्रेक किती खोल ओढायचा यापेक्षा तो केव्हा ओढायचा आणि केव्हा सोडायचा, हे शिकायला जास्त वेळ द्या.

एका बाजूचा कोलॅप्स

प्रशिक्षकाने सांगितल्यावर एका बाजूचा ए-रायझर (सर्वांत पुढचा) जोरात खाली ओढून सोडायचा. अर्धी विंग दुमडते, तुम्ही त्या बाजूला कलंडता आणि विंग तिकडे वळू लागते. क्रम असा: वजन उघड्या बाजूला, पाय सीटखाली, मग उघड्या बाजूला फक्त वळण थांबेल इतकाच ब्रेक. ए आणि बी वर्गाच्या विंग बहुधा एवढ्यानेच स्वतः उघडतात. नाही उघडली तर दुमडलेल्या बाजूचा ब्रेक एकदा खोल, पूर्ण ओढून सोडा. छोटे छोटे झटके देत बसू नका, त्यांनी हवा आत ढकलली जात नाही.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे उघड्या बाजूला जास्त ब्रेक. अर्धी विंग सगळं वजन उचलत असते, त्यामुळे तिचा स्टॉलचा बिंदू लवकर येतो. तो ओलांडला की उघडी बाजूही उडायची थांबते, विंग उलट्या बाजूला फिरते आणि साध्या कोलॅप्सचा स्पिन होतो. आमच्या मते बी विंगवरच्या गंभीर प्रसंगांत विंगपेक्षा हातांचा वाटा मोठा असतो. स्पीडबार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) दाबलेला असेल तर तो सोडणं ही पहिली हालचाल, बाकी सगळं त्यानंतर.

कधी टोकाचा भाग लाइनींमध्ये अडकतो, याला क्रॅव्हट म्हणतात. आधी उघड्या बाजूला वजन आणि ब्रेक देऊन फिरणं थांबवा. मग अडकलेल्या बाजूची स्टॅबिलो लाइन, म्हणजे टोकाला जाणारी, बहुधा वेगळ्या रंगाची असलेली लाइन, खाली ओढत जा. ती कुठली आहे हे जमिनीवर असतानाच दाखवून घ्या. फिरणं थांबत नसेल आणि वेग वाढत असेल तर लाइन शोधत बसायचं नाही, रिझर्व्ह टाकायचा.

समोरचा कोलॅप्स

थर्मलमधून बाहेर पडताना, विशेषतः बार दाबलेला असताना, विंगची पुढची कड एकदम खाली दुमडते. विंग मागे जाते. हात वर ठेवा. बहुतेक वेळा ती स्वतः उघडते आणि पुढे झेपते, तेव्हा ती झेप अडवा. उघडायला उशीर झाला तर दोन्ही ब्रेक एकदाच, थोडक्यात आणि सारखे ओढून सोडा. विंग मागे असताना ब्रेक धरून ठेवलेत तर थेट फुल स्टॉल.

खाली यायचे मार्ग, आणि त्यांची मर्यादा

बिग इअर्स सर्वांत सोपे. दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेरच्या ए लाइनी खाली ओढून टोकं दुमडायची, ब्रेक हातातच ठेवायचे पण वापरायचे नाहीत, दिशा वजनाने द्यायची. कान दुमडले की विंगचा कोन वाढतो आणि ती स्टॉलच्या जवळ जाते, म्हणून त्यासोबत थोडा बार दाबतात. आधी कान, मग बार. सोडताना आधी बार, मग कान. उतरण्याचा वेग साधारण सेकंदाला ३ ते ५ मीटर मिळतो. कान दुमडलेले असताना स्पायरल (घट्ट गिरक्या घेत खाली येणं) करू नका, उरलेल्या लाइनींवर ताण फार येतो.

बी-लाइन स्टॉलमध्ये बी-रायझर (पुढून दुसरे) दोन्ही बाजूंनी सारखे ओढतात, उतरण्याचा वेग सेकंदाला ६ ते ९ मीटर. सोडताना दोन्ही एकदम आणि चटकन सोडायचे. हळूहळू सोडले तर विंग डीप स्टॉलमध्ये (फुगलेली, पण पुढे न जाता खाली बसणारी) अडकू शकते. काही विंगच्या पुस्तिकेत हा प्रकार करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे आधी ती वाचा.

स्पायरल सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोकादायक. सेकंदाला १५ ते २० मीटरने खाली येता, शरीरावर तीन-चारपट वजनाचा भार पडतो. डोळ्यांसमोर करडं दिसू लागलं की ती बेशुद्धीची पूर्वसूचना आहे. पोट घट्ट करा, श्वास सुरू ठेवा, आणि बाहेर पडा. काही विंग नाक जमिनीकडे करून स्पायरलमध्येच टिकून राहतात, हात सोडले तरी. तेव्हा वजन बाहेरच्या बाजूला ठामपणे टाका आणि बाहेरचा ब्रेक वाढवत न्या. बाहेर पडताना घाई केली तर साठलेला वेग वर चढण्यात जातो आणि मागून मोठी झेप येते. आतला ब्रेक हळूहळू सोडत एक-दोन फेऱ्यांत वेग जिरवा. १५ मीटरने २० सेकंद म्हणजे ३०० मीटर, हा हिशोब डोक्यात ठेवूनच सुरुवात करा.

यातलं काहीही गडगडाटी ढगाखाली कामाला येत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मनिला इथे एवा विस्निएर्स्का ही अनुभवी पायलट अशा ढगात ओढली जाऊन ९९४६ मीटरपर्यंत गेली आणि जिवंत परतली. त्याच दिवशी ओढला गेलेला चिनी पायलट वाचला नाही. ढगातला उठाव सेकंदाला २० मीटरचा आणि तुमचे कान ४ मीटर देत असतील, तर तुम्ही वरच जाणार. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळवाचे ढग कसे भराभर वाढतात ते सह्याद्रीत उडणाऱ्यांना माहीत असतं. ते दिसू लागले की उतरायचं.

स्पिन आणि फुल स्टॉल

स्पिन बहुधा थर्मलमध्ये, हळू उडताना आतला ब्रेक आणखी ओढल्यामुळे होतो. ती बाजू मऊ पडते, दाब जातो, मग मागे सरकते. मऊपणा जाणवताच हात वर. पूर्ण फिरू लागली तरी उपाय तोच, फक्त विंग समोर असताना सोडायचं आणि झेप अडवायची.

फुल स्टॉलमध्ये ब्रेक हाताला एकदा गुंडाळून दोन्ही पूर्ण खाली ओढतात आणि हात सीटच्या कडेला दाबून धरतात. विंग मागे पडते, तुम्ही पाठीवर पडल्यासारखं वाटतं. त्या क्षणी हात सोडणं ही या प्रकारातली सर्वांत धोकादायक चूक आहे: विंग तुमच्या खालीही जाऊ शकते. ती डोक्यावर येईपर्यंत धरा, मग हळू, दोन्ही हात सारखे वर आणत विंग भरू द्या, दोन्ही टोकं उघडली आहेत हे वर बघून पक्कं करा, आणि मगच सोडा. पहिल्या एसआयव्हीत हा केलाच पाहिजे असं नाही. पिच पक्का नसेल तर पुढच्या वेळेसाठी ठेवा. प्रशिक्षकाला तसं सांगण्यात कमीपणा नाही.

रिझर्व्ह

बघा, पकडा, ओढा, फेका. हँडल बघितल्याशिवाय ओढू नका, घाबरलेला हात हार्नेसचा भलताच पट्टा पकडतो. फेकताना मोकळ्या जागेत, फिरत असाल तर फिरण्याच्या विरुद्ध दिशेला, पूर्ण जोराने, आणि हँडल हातातून सोडून द्या. ते धरून ठेवल्यामुळे न उघडलेले रिझर्व्ह आहेत. उघडला की मुख्य विंग बाद करा: मागचे रायझर किंवा ब्रेक हातावर गुंडाळत ती जवळ ओढा. नाहीतर दोन्ही छत्र्या एकमेकींपासून दूर ओढतात आणि उतरण्याचा वेग वाढतो. पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि जमिनीला लागताच कुशीवर लोळा.

उंची ३०० मीटरच्या खाली आणि विंग अजून तुमच्या ताब्यात नसेल, तर आणखी एक प्रयत्न करू नका. खूप खाली असाल तर विचारही नाही, हात सरळ हँडलकडे.

पाण्यात पडलात तर लाइफ जॅकेट आहे, बोट येते आहे. पण हार्नेसचा फोमचा प्रोटेक्टर तरंगतो आणि तुम्हाला तोंडावर पाडू शकतो, म्हणून लवकर बकल सोडून लाइनींपासून दूर व्हा. हूक नाइफ हाताशी असू द्या. बोटीवरच्यांना विंग पाण्याने भरलेली तशीच ओढू देऊ नका, आतल्या कापडी फासळ्या फाटतात. मागच्या कडेने उचलली की पाणी पुढच्या छिद्रांतून निघून जातं. समुद्राचं पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. रिझर्व्ह भिजला असेल तर तो पूर्ण कोरडा करून जाणकाराकडूनच पुन्हा पॅक करून घ्या, आणि कोर्स संपल्यावर विंगच्या लाइनींची लांबी एकदा मोजून घ्या. स्पायरल आणि स्टॉलच्या ताणाने त्या बदलतात, आणि काही सेंटिमीटरच्या फरकानेही विंग पुढच्या टेकऑफला वेगळी वागते.