‘टॉर्शन ऑप्शनला टाकलंय, मॅडम’

सेकंड इयर मेकॅनिकल इंजिनीअरिंगला मी सॉलिड मेकॅनिक्स शिकवते आणि सेमिस्टर संपलं की कॅपला, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर, बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासते. मार्क नेमके कुठे गळतात ते त्या गठ्ठ्यांत दिसतं, वर्गात तेवढं दिसत नाही. तेव्हा ‘मोबाइल बाजूला ठेव, लवकर ऊठ’ हे खातं तुमच्या आईकडेच राहू दे. मी पेपरपुरतं बोलते.

आधी पेपरची रचना नीट बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० मार्कांची, एका तासाची, पहिल्या दोन युनिटांवर. एंडसेम, म्हणजे शेवटची, ७० मार्कांची, अडीच तासांची, उरलेल्या चार युनिटांवर. प्रश्न जोडीने येतात, पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, आणि जोडीतले दोन्ही प्रश्न एकाच युनिटचे असतात. त्यामुळे ‘टॉर्शन ऑप्शनला टाकलंय, मॅडम’ (म्हणजे दांड्याला बसणाऱ्या पिळाचं युनिट सोडून दिलंय) असं एखादा म्हणाला की मला कळतं, याने पेपरची रचना पाहिलेलीच नाही. अख्खं युनिट सोडलं की १७-१८ मार्कांवर पाणी. जड जाणारं युनिट पूर्ण होत नसेल तर अर्धं करा. टॉर्शनमधली गृहीतकं आणि समीकरणाची डेरिव्हेशन एवढं जरी पक्कं असलं तरी एखादा उपप्रश्न आला की हात चालतो. तुमचा पॅटर्न वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच सिलॅबस आणि मागचे चार-पाच पेपर डाउनलोड करून हा हिशोब मांडायचा. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागल्यावर मांडून काय उपयोग?

आता अभ्यास. बहुतेक मुलं सोडवलेली गणितं वाचतात. पिवळा हायलायटर, मान डोलावणं, ‘हां, येतंय’. ते येत नसतं, ओळखीचं वाटत असतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आदल्या रात्री वाचलेलं ‘सगळं झालंय’ असं का वाटतं आणि हॉलमध्ये का सटकतं, ते यातून समजतं.

म्हणून माझी रीत अशी: गणित एकदा समजून घ्या, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून सोडवा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, थोडं झगडा. मग तपासा, जिथे अडलात तिथे लाल खूण करा आणि तेच गणित तीन-चार दिवसांनी परत करा. नवीन दहा गणितं वाचण्यापेक्षा लाल खुणांची तीन परत केलेली बरी.

आणि लिहिताना तपासणाऱ्याला दिसेल असं लिहा. साधं उदाहरण घ्या: ६ मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम, म्हणजे दोन टोकांना नुसता टेकवलेला, पूर्ण लांबीवर मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार. विचारलंय जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट. एकजण सूत्र लावून थेट ४५ लिहितो, एकक नाही, खाली पॅराबोलाऐवजी त्रिकोणी बीएमडी, म्हणजे बेंडिंग मोमेंटची आकृती. उत्तर बरोबर, पण देऊ काय? दुसरी मुलगी आधी दोन्ही रिॲक्शन ३० किलोन्यूटन काढते. बीमच्या बरोबर खाली एसएफडी, म्हणजे शिअर फोर्सची आकृती, तिरकी सरळ रेषा. त्याच्या बरोबर खाली बीएमडी, पॅराबोला. शिअर शून्य होतो तिथून, म्हणजे ३ मीटरवरून, उभी तुटक रेषा खाली आणते आणि तिथे ४५ किलोन्यूटन-मीटर लिहिते. हिच्या आकडेमोडीत एखादी चूक झाली असती तरी पायऱ्यांचे मार्क मी दिलेच असते. कोरा आकडा टाकणाऱ्याचा आकडा चुकला की सगळंच गेलं.

वेळेचं गणित सोपं आहे. एंडसेमला १५० मिनिटांत ७० मार्क, म्हणजे मार्काला दोन मिनिटं आणि वर थोडी शिल्लक. एका प्रश्नाला ३५ मिनिटं, संपली की पुढचा प्रश्न, अर्धवट गणिताच्या प्रेमात पडायचं नाही. घरी एक तरी जुना पेपर घड्याळ लावून, सलग, पेनने लिहा. टाइप करायची सवय झालेला हात दीड तासात दुखायला लागतो, ते हॉलमध्ये पहिल्यांदा कळू नये.

एसजीपीएसाठी, म्हणजे सेमिस्टरच्या ग्रेड-सरासरीसाठी, क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, बघा. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट, त्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. २२ क्रेडिटचं सेम धरलं तर तीन क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेलात की एसजीपीए साधारण ०.१४ ने वाढतो, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ०.०५ च्या आत. पण प्रॅक्टिकलचा ग्रेड मिळवायला कष्ट फार कमी. जर्नल त्याच दिवशी लिहा, शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून उतरवू नका. ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, तुमचंच जर्नल उघडून, तुमच्याच ग्राफवर बोट ठेवून ‘हा इथे वाकला का?’ एवढंच विचारतो, आणि उतरवलेलं जर्नल असलं की मुलगा माझ्याकडे बघतो. मी छताकडे.

अभ्यासिका लावायची तर खुशाल लावा, फक्त फी भरली म्हणजे अभ्यास झाला असं नाही.

निकालानंतर मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले तर चिडून थेट रिव्हॅल्युएशनला पैसे घालू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. ती घेऊन विषयाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि पान दर पान विचारा, इथे का कापले. अर्जाच्या तारखा निकालाबरोबर लागतात आणि मुदत थोडी असते, त्यामुळे त्या दिवसांत विद्यापीठाची साइट रोज उघडा.