टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी पिण्यापूर्वी
नागपूरला पेंच आणि कन्हान नद्यांचे शुद्ध केलेले पाणी मिळत असले, तरी कडेच्या ज्या वस्त्यांत नळ पोहोचलेला नाही, तेथे टँकर किंवा बोअरवेलवरच भागवावे लागते. टँकरच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन (म्हणजे शुद्धीकरणानंतर पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन) लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का, हे क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातील क्लोरीन तपासण्याच्या छोट्या साधनाने, पाहावे. कमी असल्यास पाणी सुती कापडाने गाळून, वेष्टनावरील प्रमाणानुसार क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. बोअरवेलच्या पाण्याची मात्र प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावीच, कारण नायट्रेट आणि फ्लोराईड उकळल्याने जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते; तान्ह्या बाळांना तर नायट्रेटचा धोका सर्वाधिक असतो. साठवण झाकलेली ठेवून पाणी ओगराळ्यानेच काढावे.