घरचा माइक-इंटरफेस बदलायचा की नाही? आधी दोष कुठे आहे ते शोधा

मी बरीच वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, अधूनमधून श्राव्य पुस्तकांचंही काम घेते. स्टुडिओ म्हणजे डोंबिवलीतल्या घरातली आतली खोली, कपाटाची दारं उघडी आणि पाठीमागे टांगलेल्या दोन गोधड्या. नव्याने वाचायला लागलेले लोक मला नेहमी विचारतात, "संगणक जुना आहे, आवाजात खरखर येते, नवीन इंटरफेस घेऊ का?" (इंटरफेस म्हणजे माइक संगणकाला जोडणारं खोकं.) त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "घेऊन टाक, जरा चांगल्यातला घे." या सल्ल्यापायी लोकांचे आठ-दहा हजार रुपये जातात आणि खरखर तशीच राहते, म्हणून मला त्याचा राग येतो.

आवाज तीन ठिकाणी बिघडतो: खोलीत, माइक-इंटरफेसमध्ये किंवा संगणकात. दोष कुठे आहे हे सिद्ध होईपर्यंत खरेदी करायची नाही. ते सिद्ध करायला एक रविवार पुरतो. माइक, इंटरफेस, हेडफोन आणि ऑडॅसिटीसारखा रेकॉर्डिंगचा एखादा प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं सांगते.

पहिली पायरी: खोली मोजा

नेहमीच्या जागी बसून, नेहमीच्या गेनवर (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण जिथे ठेवता तिथेच) एक परिच्छेद वाचा आणि मग एक मिनिट गप्प बसा. पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आता वाचलेल्या भागाची सरासरी पातळी उणे २० डेसिबलच्या (शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) आसपास येईल इतकी सगळी फाइल वर किंवा खाली करा आणि मगच ती शांतता मोजा. हा क्रम उलटा करू नका. गेन कमी ठेवून नुसती शांतता मोजली तर आकडा सुंदर दिसतो, पण वाचन ऐकू येण्याइतकं वर आणलं की त्याच्याबरोबर खरखरही वर येते.

श्राव्य पुस्तकांसाठी एसीएक्सचे (ऑडिबलवर पुस्तकं चढवायच्या मंचाचे) निकष बरेच जण प्रमाण मानतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखरं (सगळ्यात मोठ्या आवाजाचे क्षण) उणे ३ च्या खाली आणि शांतता उणे ६० च्या खाली. तुमची शांतता उणे ६० च्या खाली असेल तर माइक बदलण्याचा विषय इथेच संपला.

वर असेल तर इंटरफेसवरचं, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बंद करा, गेनला हात न लावता माइकची केबल इंटरफेसमधून काढा आणि पुन्हा एक मिनिट रेकॉर्ड करा. फाइल मघाशी जितकी वर-खाली केली तितकीच हीसुद्धा करा, मग मोजा. आकडा धाडकन खाली आला तर इंटरफेस निर्दोष आहे, आवाज माइकच्या बाजूने येतोय. मग माइक कपड्यांनी भरलेल्या कपाटात ठेवून दार लावा आणि रात्री दोन वाजता हाच प्रयोग करा. तिथे शांतता मिळाली तर दोष खोलीचा. आमच्याकडे फास्ट लोकल गेली की भिंतीतून घरघर येते, ती कुठल्याही किमतीच्या माइकमध्ये येणारच. माइक जितका संवेदनशील तितकी जास्त येईल. अशा घरात आणखी एक गोधडी घ्या आणि तोंड माइकच्या वीतभर जवळ आणा.

केबल काढूनही आकडा जवळपास तोच राहिला तर इंटरफेसची स्वतःची सळसळ आहे. हे विशेषतः डायनॅमिक माइकवाल्यांच्या बाबतीत होतं, कारण या प्रकारच्या माइकचा आवाज मुळातच बारीक येतो. शुअर एसएम७बीची संवेदनशीलता उणे ५९ डेसिबल आहे, त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्तातला इंटरफेस तिथपर्यंत पोचताना फुसफुसायला लागतो. या एका परिस्थितीत जास्त गेनचा इंटरफेस किंवा मधे लावायचा छोटा बूस्टर घेणं रास्त आहे.

दुसरी पायरी: संगणकाची परीक्षा

सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात, मीही चुकले. आठवीच्या भूगोलाचा ४० मिनिटांचा धडा वाचून झाल्यावर हेडफोन लावून ऐकला, तर दर काही सेकंदांनी बारीक 'टिक्'. शब्दांच्या मधे, शब्दांच्या वर, कुठेही. काढून टाकता येईना. मी इंटरफेसला दोष दिला आणि नवीन घेतला. त्यातही 'टिक्' आलं, अगदी तसंच. तोवर परत करायची मुदत संपली होती. दोष लॅपटॉपच्या वाय-फायच्या ड्रायव्हरमध्ये होता, म्हणजे वाय-फाय चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये.

'वाय-फायचा आवाजाशी काय संबंध' असं मलाही वाटायचं. इंटरफेस आवाजाचे तुकडे सतत पाठवत असतो आणि संगणकाने ते ठरलेल्या वेळेत उचलायचे असतात. मधेच दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून ठेवला की एखादा तुकडा उचलायचा राहून जातो. तेच ते 'टिक्'. प्रोसेसर ताकदवान असला तरी हे होतं, म्हणून 'आय सेव्हन आहे माझा' हे उत्तर मी ऐकून घेत नाही. ही अडवणूक दाखवणारा लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम विंडोजसाठी मिळतो. रेकॉर्डिंग चालू असताना तो दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर वेळ खातोय त्याचं नाव तो सांगतो.

आधी 'टिक्' संगणकाचंच आहे याची खात्री करा. ओठांचे आणि जिभेचे आवाजही तसेच ऐकू येतात. म्हणून वाचू नका, माइकपासून लांब बसा आणि दहा मिनिटांची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत तो ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातले खालचे-वरचे स्वर दाखवणाऱ्या चित्रात) पाहा. संगणकाचं 'टिक्' खालपासून वरपर्यंत गेलेल्या सुईसारख्या उभ्या रेघेत दिसतं. दहाऐवजी दोन मिनिटं पाहून 'आता ठीक आहे' म्हणू नका. मी तसं म्हणून दोन धडे पुन्हा वाचले आहेत.

तुकडे गळताहेत का हे पाहायचा माझा स्वतःचा उपाय टाळी. संगणकावर आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर एकदम रेकॉर्डिंग सुरू करा, एक टाळी द्या, दहा मिनिटं थांबा, दुसरी टाळी द्या. दोन्हींत टाळी ते टाळी अंतर मोजा. सेकंदाच्या काही शतांशांचा फरक चालतो, दोन उपकरणांची घड्याळं तेवढी मागेपुढे असतात. संगणकाचा ट्रॅक त्याहून आखूड निघाला तर आवाज गळतोय.

आता एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा दहा मिनिटं. लोक सात गोष्टी एकदम बदलतात, आवाज सुधारतो, आणि कशामुळे ते कधीच कळत नाही. पुढच्या अपडेटला दोष परत येतो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझा क्रम असा. हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. मग दुसरं पोर्ट. मग दुसरी केबल. मग वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. मग चार्जर काढून बॅटरीवर (चार्जर काढल्यावर नुसती 'हूं' अशी गुणगुण गेली तर तो अर्थिंगचा प्रश्न आहे, 'टिक्'शी त्याचा संबंध नाही). मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. मग इंटरफेसच्या ड्रायव्हरमध्ये बफर (आवाजाचे तुकडे उचलेपर्यंत साठवायची जागा) २५६ असेल तर ५१२, मग १०२४. वाचनासाठी मोठा बफर बेलाशक ठेवा. स्वतःचा आवाज संगणकातून ऐकत गायचं असेल तरच लहान बफरची गरज, आणि बहुतेक इंटरफेसवर थेट ऐकायचं बटण असतंच.

सॅम्पल रेटही (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा) पाहा. विंडोजमध्ये ४८ किलोहर्ट्झ, प्रोग्रॅममध्ये ४४.१ असा घोळ असेल तर कधी 'टिक्' येतं, कधी आवाज जाड आणि संथ होतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. आणि आवाज मुळीच येत नसेल तर इंटरफेसला शिव्या देण्याआधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना ते बघा.

इतकं करूनही 'टिक्' राहिलं तर निकाली परीक्षा: तोच माइक, तीच केबल, तोच इंटरफेस दुसऱ्या यंत्राला लावा. शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागा, किंवा अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने जोडा. फोनची वीज पुरली नाही तर मधे स्वतःची वीज असलेला हब लागेल. दुसऱ्या यंत्रावर दहा मिनिटं स्वच्छ निघाली तर तुमचा इंटरफेस चांगला आहे. तो विकू नका.

फोनच्या परीक्षेतून आणखी एक गोष्ट कळते. काहीही न घालता फोनने इंटरफेस ओळखला, म्हणजे तो क्लास कम्प्लायंट आहे. त्याला कंपनीच्या ड्रायव्हरवाचून चालतं, त्यामुळे कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलं तरी तो निरुपयोगी होत नाही.

तिसरी पायरी: निर्णय

खोलीचा दोष असेल तर घेऊ नका. संगणकाचा दोष असून वरच्या क्रमात गेला असेल तरीही घेऊ नका.

इंटरफेसचा ड्रायव्हरच मेला असेल, म्हणजे कंपनीने शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ किंवा ८ साठी दिला आणि इंटरफेस क्लास कम्प्लायंटही नाही, तर बदला. फायरवायर या जुन्या प्रकारच्या पोर्टचा असेल तरीही. जुनी विंडोज जपून त्याला जिवंत ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावरून तुम्ही ईमेल आणि बँक उघडता ते एका इंटरफेसपायी असुरक्षित ठेवण्यात अर्थ नाही.

संगणकच साथ देत नसेल तर नवीन लॅपटॉपच्या मागे लागण्याआधी कार्डवर रेकॉर्ड करणारा स्वतंत्र रेकॉर्डर बघा. वाचनाच्या वेळी संगणक लागतच नाही, संपादन जुन्या लॅपटॉपवर आरामात होतं. झूमच्या एच१ एसेन्शियलसारख्या छोट्या रेकॉर्डरमध्येही आता ३२ बिट फ्लोटमध्ये ध्वनिमुद्रण होतं, त्यामुळे गेनची चूकही नंतर सावरता येते. वर त्यात पंख्याचा आवाज नाही. एकट्याने बसून वाचणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवते.

चौथी पायरी: घेताना

क्लास कम्प्लायंट आहे का ते कंपनीच्या पानावर वाचा, दुकानाच्या जाहिरातीत नाही. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (अशा इंटरफेसच्या मानकाचा) स्वतःचा ड्रायव्हर २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत आला, त्यामुळे त्यानंतरच्या विंडोजवर असा इंटरफेस तसाच ओळखला जातो. परत करण्याची मुदत विचारा आणि त्याच मुदतीत दहा मिनिटांची परीक्षा पूर्ण करा.

बदल कधी करायचा

पुस्तकाच्या मधे कधीही नाही. माइक, इंटरफेस, ड्रायव्हर, विंडोजची मोठी अपडेट, सगळं दोन पुस्तकांच्या मधल्या आठवड्यात. सहाव्या धड्यात वाचणारीचा आवाज अचानक पातळ झाला तर डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या मुलाला वाटतं दुसरंच कोणीतरी आलं. मला एका मुलीने हे विचारलं होतं: "ताई, मधे तुम्हाला बरं नव्हतं का?"

जुन्या उपकरणावर तुमच्या नेहमीच्या आवाजात एक पान वाचून ठेवा. नव्यावर तेच पान, तेवढ्याच अंतरावरून वाचा. दोन्ही एकाच पातळीवर आणून डोळे मिटून ऐका, घरातल्या कोणाला तरी ऐकवा. फरक सांगता येत नसेल आणि मुदत शिल्लक असेल तर नवा परत करा. फरक चांगला असेल तर ठेवा, पण नव्यावर एक अख्खं पुस्तक पार पडेपर्यंत जुना इंटरफेस त्याच्या केबलसकट खोक्यात राहू द्या.