झाकण असूनही मासा टँकबाहेर? आधी फिल्टरजवळची फट बघा

पहिला पाऊस पडला की आपल्याकडे गोव्यात लोक चढणीचे मासे पकडायला शेतात नि व्हाळांवर जातात, वाहतं पाणी लागलं की मासे धारेच्या उलट वर चढतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरातल्या टँकमधल्या बऱ्याच माशांनाही हीच ओढ असते हे मात्र लक्षात येत नाही. टँकमध्ये धार कुठे असते, तर मागे लटकवलेल्या हँगऑन फिल्टरची, आणि झाकण कापून फट ठेवलेली असते तीही नेमकी तिथेच. म्हणून "झाकण होतं तरी गेला कसा" असं कोणी विचारलं की मी आधी सांगतो, टँकच्या मागच्या बाजूने वाकून बघा.

फटीचा हिशोब साधा आहे, माशाच्या अंगाच्या जाडीपेक्षा ती बारीक हवी. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना राहिलेली जागा फिल्टरच्याच स्पंजचे तुकडे कापून घट्ट बसवा, हीटर नि एअर पाईप शक्यतो एकाच कोपऱ्यातून बाहेर काढा आणि तिथेही स्पंज लावा. कुहली लोच, ईल असले लांबट मासे ठेवत असाल तर फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या नळीलाही स्पंज घाला, ते तिथूनसुद्धा आत शिरतात.

आता झाकण कसलं. ४-५ एमएमची काच, कडा घासून घेतलेली, सगळ्यात टिकाऊ. अॅक्रिलिकची पातळ शीट घेऊ नका, खालून सतत ओलावा नि वरून लाईटची उष्णता यामुळे ती वाकते आणि कोपरे उचलले जातात. लोखंडी जाळी तर नकोच, समुद्राच्या हवेत ती लगेच गंजते, आणि झिंक चढवलेली असेल तर ते झिंक पाण्यात उतरतं, माशांना ते विषारी. मला स्वतःला आवडते ती खिडकीला लावतो ती नायलॉनची मच्छरजाळी, टँकच्या बाहेरच्या कडेला चारही बाजूंनी वेलक्रो चिकटवायचा नि वर जाळी ताणून बसवायची, खायला घालताना एक कोपरा उघडला की काम झालं.

जाळीचा खरा उपयोग एप्रिल-मेमध्ये कळतो. पाणी तापतं म्हणून लोक काचेचं झाकण काढून ठेवतात आणि मासे नेमके तेव्हाच जातात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम तर ३० डिग्रीला ७.५ च्या आसपास, म्हणजे मासा आधीच वरवर येऊन श्वास घेत असतो आणि त्यात वर उघडं. जाळी असली तर वाफ निघून जाते, पाणी थोडं थंड राहतं आणि मासाही आतच राहतो. पावसात लाईट गेली की एअर पंप बंद पडून हेच होतं, त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवाच.

कोणते मासे जास्त उड्या मारतात? हॅचेटफिश, किलीफिश, झेब्रा डॅनिओ, डेनिसन बार्ब, बिचिर, अरोवाना, आणि मरळीच्या जातीतले छोटे चन्ना. आपल्या व्हाळांत मिळणारा, डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला पंचॅक्सही यातलाच, तो पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो. अरोवाना तर काचेचं झाकण धडक मारून सरकवतो, त्याला क्लिप लागतात. बेटा म्हणजे फायटर मासा ठेवलात तर झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेला जागा सोडा, तो वर येऊन हवा घेतो. बाकीच्यांसाठीही पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवलेलं बरं.

पण झाकण लावलं म्हणून विषय संपत नाही, मासा उडी का मारतोय हे बघायलाच हवं. आत राहून तो काचेवर आपटत राहिला तर जखमी होणार. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, टेस्ट किटवर शून्य आली पाहिजेत, नव्या टँकमध्ये ती शून्यावर स्थिर व्हायला चार-सहा आठवडे जातात. नळाचं पाणी क्लोरीन न काढता ओतलंत तरी मासे सैरभैर होतात. एखादा मासा दुसऱ्याला सतत पळवत असेल तर त्याला वेगळा करा. नवीन मासा आणल्यावर पहिल्या रात्री तरी टँकवर कपडा टाका, आणि काळोखात एकदम टँकची लाईट लावू नका, आधी खोलीतली लावा, मग थोड्या वेळाने टँकची. वर तरंगणारी झाडं सोडली की मासे बरेच शांत राहतात, फक्त ती वाढली म्हणून व्हाळात नेऊन टाकू नका प्लीज, तिथे ती पाणी झाकून टाकतात.

चवथीला मूळ घरी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या फटी हाताने तपासा, शेजारी खायला घालणार असतील तर जाळीचा कोपरा परत कसा लावायचा ते त्यांना करून दाखवा.

आणि मासा जमिनीवर सापडलाच तर मेला असं समजून टाकू नका. स्टँडखाली, भिंतीच्या कडेला शोधा, मुंग्या लागायच्या आत. हात टँकच्या पाण्यात ओले करून उचला, पुसू नका, अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं संरक्षण असतो. धूळ नि केस टँकच्या पाण्यातच हलके धुवा, मग टँकचंच पाणी घेतलेल्या डब्यात ठेवून एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावा, वर कपडा टाका. कल्ले ओलसर असतील तर निपचित पडलेला मासाही कधी कधी हलायला लागतो, त्यामुळे तासभर तरी वाट बघा. वाचला तर त्या दिवशी खायला घालू नका, आणि पुढचे काही दिवस पंखांवर किंवा अंगावर पांढरी बुरशी येते का ते बघत राहा.