किनाऱ्यावर चित्र काढू लागणाऱ्यांसाठी

कोकणात चित्र काढायला येणारे बहुतेक विद्यार्थी आधी सूर्यास्ताच्या मागे लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिले वर्षभर सूर्यास्त रंगवूच नये, कारण त्या नारिंगी रंगाच्या नादात किनाऱ्यावर चाललेले काम पाहायचे राहून जाते आणि माझ्या चित्रांचा विषय तर नेहमी ते कामच राहिले आहे.

त्यासाठी आधी भरती-ओहोटी समजून घ्यावी लागते. कोळी मंडळींचा ठोकताळा सोपा आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ अंदाजे मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज दुपारी चारच्या उन्हात वाळू जशी ओली दिसली तशीच ती त्याच उन्हात पुन्हा हवी असेल, तर पंधरवडाभर थांबावे लागते. म्हणूनच मी एका चित्रावर सलग बसण्यापेक्षा वेगवेगळ्या तिथींची दोन-तीन चित्रे एकाच वेळी हाताशी ठेवते.

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर मी सर्वाधिक शिकले. तेथे उथळ पाण्यामुळे होड्या समुद्रात आत नांगरून राहतात, मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि संध्याकाळी वाळूवरच लिलाव पुकारला जातो. नवखा माणूस मासळी रेखाटत बसतो. खरे पाहायचे असते ते लिलावाभोवतीचे कोंडाळे, त्यातल्या वाकलेल्या पाठी आणि टोपली उचलताना एका बाजूला खाली जाणारा खांदा. हे सगळे क्षणार्धात बदलते, म्हणून तेथे रंगपेटी उघडू नये. लहान वही आणि मऊ पेन्सिल पुरते. वाटेत उभे राहू नये, आणि कोणाचे व्यक्तिचित्र करायचे असेल तर आधी विचारावे. वही दाखवली की बहुधा नकार येत नाही, उलट जाळे कोठे चुकले आहे हे आवर्जून सांगितले जाते.

ओल्या वाळूवरच्या आकृतीत एक घोटाळा हमखास होतो, तो म्हणजे प्रतिबिंब आणि सावली एकाच दिशेला काढणे. प्रतिबिंब पायांखाली सरळ, पाहणाऱ्याच्या दिशेने उतरते. सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. शिवाय ओल्या वाळूचा रंग पिवळा नसतो, तिच्यात आभाळच थोडे गडद होऊन उतरलेले असते. मी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एवढ्या दोनच रंगांतून तो करडेपणा काढते.

पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, आणि होडीच्या बांध्याचा अभ्यास करायला यापेक्षा बरा काळ नाही, कारण एरवी पाण्याखाली असणारा सगळा तळ नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, उघडा दिसतो. झापांऐवजी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांऐवजी, आता बहुधा निळी ताडपत्री असते. पुष्कळांना ती खुपते, पण तिचा निळा उजेड जुन्या लाकडावर फार सुंदर पडतो. या दिवसांत जलरंग लवकर वाळत नाहीत आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद घ्यावा आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

पदवी घ्यायची असेल तर मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आहे आणि किनाऱ्याच्या जवळ राहायचे असेल तर चिपळूणजवळ सावर्डे येथेही कला महाविद्यालय आहे. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्रे पाठवत राहावे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी जागा मिळायला अनेक वर्षे थांबावे लागते, म्हणून अर्ज लवकर करावा. तोवर घरखर्चासाठी शिकवण्या किंवा मागणीनुसार कामे घ्यावी लागतात. ग्राहक त्यात सूर्यास्तच मागतील. तो द्यावा आणि त्याचे पैसे आधी घ्यावेत.