मोफत मिळालेला सामन्याचा पास विकता येतो का? विकण्याआधी काय काय तपासावे

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांची गाठ पडायची असली की आदल्या दिवसापासून फोन सुरू होतात. "एखादा पास आहे का?" खासबागेत मोठं कुस्ती मैदान भरलं तरी तेच. आणि ज्याच्याकडे दोन पास जास्तीचे असतात, त्याच्या मनात एक विचार हमखास डोकावतो: आपल्याला तर फुकटात मिळालेत, कुणी पाचशे देतोय तर घ्यायला काय हरकत आहे?

याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. पासावर काय लिहिलंय, तो कुणी आणि का दिला, आणि तुम्ही विकताना समोरच्याला काय सांगितलं, यावर ते ठरतं. म्हणून खालच्या क्रमाने जा.

आधी पास उलटा करा

पुढच्या बाजूला संघांची नावं आणि प्रायोजकांचे फोटो असतात. कामाचं असतं ते मागे, बारीक अक्षरात. कार्डाचा पास असेल तर उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'विक्रीसाठी नाही', 'अहस्तांतरणीय', 'फक्त निमंत्रितांसाठी', 'पास दुसऱ्याला दिल्यास रद्द समजला जाईल' यांपैकी काही आहे का? पास मोबाईलवर आला असेल तर क्यूआर कोडच्या खाली 'अटी व नियम' असतात. बहुतेक जण ते न उघडताच 'मान्य' दाबून पुढे जातात. आता तरी उघडा.

वाचायचं का, तर कायद्याची सुरुवात तिथूनच होते. तिकीट किंवा पास म्हणजे त्या जागेत जाण्याची परवानगी. ती दुसऱ्याला देता येते का, हे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 56 मध्ये सांगितलं आहे. एरवी अशी परवानगी दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, पण सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याच्या परवानगीला तिथे सवलत आहे. देणाऱ्याने वेगळा हेतू सांगितलेला नसेल आणि तो ओघाने निघतही नसेल, तर ज्याला ती मिळाली तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे कायदा मुळात तुमच्या बाजूने आहे. पण पासावर एक ओळ छापली की ती बाजू फिरते. 'अहस्तांतरणीय' हा शब्द असेल तर तो पास पैसे न घेता मेहुण्याला देणंसुद्धा अटीच्या बाहेर जातं. गेटवर मेहुण्याला अडवलं तर तक्रार करायला तुम्हाला जागा उरत नाही.

पास कुणाकडून आला ते आठवा

अट छापलेली नसली तरी 'ओघाने निघणारा हेतू' हा भाग उरतोच, आणि मोफत पासाच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. तालमीने आपल्या खेळाडूंच्या घरच्यांसाठी दिलेला पास, जुन्या पैलवानांना मानाने पाठवलेलं निमंत्रण, शाळेतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागा यांत देणाऱ्याचा हेतू लिहून दाखवावा लागत नाही. असा पास बाजारात नेला तर उद्या वाद झाल्यावर 'कुठे लिहिलं होतं?' हे म्हणणं टिकेलच असं नाही.

सरकारी नोकरीत असाल आणि पास पदामुळे आला असेल, तर विकायचा विचारही नको. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 भेटवस्तूंबद्दल पुरेसे कडक आहेत.

काही वेळा सगळ्यांनाच प्रवेश मोफत असतो, फक्त नाव नोंदवावं लागतं. डिसेंबर 2022 मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी सामना झाला, सुपर ओव्हरपर्यंत गेला, आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना त्यात खेळली. प्रवेश मोफत होता आणि स्टेडियम गच्च भरलं होतं. महिला क्रिकेटला गर्दी व्हावी म्हणून उघडलेलं ते दार. अशा दारात उभं राहून कुणी पैसे मागितले, तर मला ते मनापासून खटकतं, कलम कुठलं लागतं हा पुढचा प्रश्न.

पैसे घेणार असाल तर इथे थांबा

तिकीट जास्त दराने परत विकण्यावर देशभर लागू होईल असा खास कायदा नाही. मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा ऑनलाइन काळाबाजार थांबवण्यासाठी जनहित याचिका झाली होती. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे असं सांगितलं. त्यावरून 'मग विकायला मोकळीक आहे' असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे, कारण दुसरे कायदे आहेत.

पहिला महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951. त्याच्या कलम 33 ने सार्वजनिक करमणुकीच्या जागांबद्दल नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला आहे. कोल्हापुरात आयुक्तालय नाही, त्यामुळे इथे हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. सामन्याआधी बंदोबस्ताचा आदेश निघाला असेल तर त्यात पासांबद्दल काही म्हटलंय का ते वाचून घ्या.

दुसरा आणि जास्त जड म्हणजे भारतीय न्याय संहिता. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम 420 जाऊन 318 आलं. फसवून पैसे काढले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोफत पास विकताना माणूस यात नकळत सापडतो. 'हे तिकीट आहे' म्हणून पास खपवला, 'विक्रीसाठी नाही' ही ओळ लपवली, एकाच क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट तिघांना पाठवला, तर ते लबाडीने पैसे घेणंच झालं. पासावर तुमचं नाव असेल आणि दुसरा कुणी तुमच्या नावाने आत गेला, तर तोतयेगिरीचं कलम 319 तुम्हा दोघांच्याही दारात येऊ शकतं.

आमच्या घरातलंच सांगतो. चुलतभावाच्या मुलाने क्रिकेटच्या एका सामन्यासाठी ओळखीतल्या ओळखीत दोन पास घेतले. चार तास बसचा प्रवास, नवी जर्सी, सोबत मित्र. गेटवर पोराने मोबाईल पुढे धरला, यंत्राने लाल दिवा दाखवला. मागची रांग ढकलत होती. मला फोन आला, "काका, हा कोड आधीच कुणीतरी वापरलाय म्हणतायत." विकणाऱ्यालाही तो पास फुकटच मिळाला होता. त्याने तोच स्क्रीनशॉट आणखी कुणाकुणाला पाठवला होता. पोरं बाहेरच्या चहाच्या गाड्यावर मोबाईलवर सामना बघून परत आली. तेव्हापासून 'फुकटचाच तर आहे' हे वाक्य मला ऐकवत नाही.

जायला जमत नसेल तर काय करावं

ज्याने पास दिला त्याला आधी फोन करा: "मला जमत नाही, दुसऱ्याला देऊ का?" त्याने हो म्हटलं तर तेवढाच एक मेसेज लिहून मागवा, 'पास अमक्याला द्यायला हरकत नाही' इतकाच. नंतर गेटवर तोच कामी येतो. मग पास द्या, पण पैसे न घेता. नाव बदलण्याची सोय असेल तर बदलून घ्या, आणि मोबाईलवरचा पास ॲपमधूनच पाठवा, फोटो काढून नको. देणारा नाही म्हणाला तर पास परत करा. पेठेतल्या तालमीत सराव करणारी, तिकिटाला पैसे नसलेली पोरं असतातच. संयोजकांना 'माझी जागा त्यांना द्या' म्हटलं तर ते आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे.

पासावर कसलीच अट नाही, संयोजकांचीही हरकत नाही, आणि तरीही पैसे घ्यायचेच असतील, तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हा मोफत मिळालेला पास आहे. हे सांगितल्यावर किती जण पाचशे देतात ते तुम्हालाच कळेल.

तुम्ही घेणारे असाल तर

मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्क्रीनशॉटवर तर अजिबात नको. फसलात तर यूपीआयची पावती, चॅट आणि समोरच्याचा नंबर जपून ठेवा आणि लगेच 1930 ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे तर पहिले काही तासच हाताशी असतात. पैसे रोख दिले असतील तर थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा, आणि तो चालला नाही म्हणून पास फाडून टाकू नका. तक्रारीला पुरावा म्हणून तोच लागतो.