रागासाठी काउन्सेलिंगला जायचंय? मग आधी स्वतःचा "च" शोधा

आमच्या सिंकचा नळ तुटला तेव्हा प्लंबर म्हणाला, ताई असा तुटत नाही हो नळ, झालं काय नक्की? मी म्हटलं जुना झाला होता. खरं म्हणजे मी पोह्यांची कढई सिंकमध्ये अशी आपटली होती की ती थेट नळावर बसली. कारण काय, तर सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या, "आमच्याकडे काय बाई, नाश्त्यालाच साडेनऊ वाजतात." बस, एवढंच. नळाचे नऊशे रुपये गेले त्याचं काही नाही, पण त्या प्लंबरशी खोटं बोलताना जी लाज वाटली ना, त्यानंतर दोन दिवसांनी मी काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतली.

तर ज्यांना जायचंय पण तिथे नेमकं काय करतात हे माहीत नाही, त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, डोंबिवलीहून रोज लोकलने ऑफिसला जाणारी बाई आहे, त्यामुळे मला जे करायला लावलं आणि जे उपयोगी पडलं तेच सांगणार.

पहिला प्रश्न, जायचं कुणाकडे. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, टेस्ट आणि थेरपी करतो, त्याचं भारतीय पुनर्वास परिषदेकडे रजिस्ट्रेशन असतं, ते बिनधास्त विचारा. काउन्सेलर म्हणजे साधारण मानसशास्त्रात एमए आणि वर समुपदेशनाचं ट्रेनिंग. पण काउन्सेलर असा बोर्ड कोणीही लावतं हो, चार दिवसांचा कोर्स करूनसुद्धा, म्हणून शिकलात कुठे, किती वर्षं करताय, कुठल्या पद्धतीने काम करता हे फोनवरच विचारायचं. चांगला माणूस याचा राग मानत नाही. आणि जो पहिल्याच फोनवर "तीन सेशनमध्ये राग गायब" म्हणतो त्याच्याकडे जाऊच नका.

खिसा तंग असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा, गर्दी असते, थांबावं लागतं, पण काम होतं. घरातून निघणंच जमत नसेल तर १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला, फुकट, रात्रीअपरात्री पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून आहे, आपल्याकडच्या अनेकांना काउन्सेलिंग हा शब्दच तिथून कळला.

भाषेचं मात्र बघा. मी आधी एका इंग्लिशमधून बोलणाऱ्या मॅडमकडे गेले होते, माणूस म्हणून छान होत्या, पण "आय फेल्ट डिसरिस्पेक्टेड" म्हटल्यावर मला स्वतःलाच वाटेना की हे माझं आहे. मला मराठीत राग येतो, डोक्यात वाक्यं मराठीत फिरतात, सासूबाईंचा टोमणा मराठीत असतो, तो भाषांतर करून सांगितला की त्यातला डंखच जातो. परदेशात असाल तर व्हिडिओवर मराठी काउन्सेलर मिळतात, फक्त वेळेचं गणित जमवा.

पहिल्या सेशनला फार काही होत नाही हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर एवढे पैसे देऊन नुसती माहितीच विचारली म्हणून बाहेर पडून तिथेच राग येतो (मला आला). पाऊणएक तास असतो. घरात कोण कोण, झोप किती, कधीपासून, आधी काही आजार, दारू आहे का, हात उचलला जातो का. माझ्या काउन्सेलरने मला थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून यायला सांगितलं, म्हणाल्या शरीराचं भांडं रिकामं असेल तर मनाला शिकवून काय उपयोग. हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. गोळ्या सुरू केल्या, संध्याकाळचा थकवा जरा कमी झाला, पण कढई काय हिमोग्लोबिनने आपटली नव्हती.

तिथे बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलाय. जिवाला धोका असेल, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या, तर अपवाद, आणि तो अपवाद चांगले काउन्सेलर पहिल्या दिवशीच सांगतात. हां, घरी सांगायचं नसेल तर फी कुठल्या अकाउंटवरून जाते ते बघा, माझं जॉइंट अकाउंट, पैसे गेल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर. संध्याकाळी विचारतोय, हे क्लिनिक कसलं गं?

आता मुद्द्याचं. पहिलं होमवर्क मिळालं ते म्हणजे रागाला नाव द्यायचं. मी म्हटलं राग म्हणजे राग, अजून काय. काउन्सेलर म्हणाल्या नाही, चिडचिड वेगळी, वैताग वेगळा, संताप वेगळा, धुसफूस वेगळी आणि त्रागा तर फारच वेगळा, त्रागा म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःला त्रास देऊन काढायचा, जेवायचं नाही, "राहू दे, मीच करते" म्हणत रात्री अकरा वाजता ओटा घासायचा. आठवडाभर मोबाइलवर नुसतं लिहीत होते, कधी, काय झालं, कुठला प्रकार, दहापैकी किती. आठवड्याने बघितलं तर संताप फक्त दोनदा आणि त्रागा नऊ वेळा! मी स्वतःला संतापी समजत होते. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर सगळी गर्दी, मधे ऑफिसमध्ये जवळजवळ काहीच नाही, तिथे साहेब काहीही बोलला तरी मी गोड. म्हणजे आवरता येत होतं की! हे लक्षात येणं जरा टोचलं.

मग "च". माझ्या काउन्सेलर आरईबीटी पद्धतीने काम करतात, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात तिला. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ती काढली, आपल्याकडे ती रुजवली त्यात कि. मो. फडके हे मोठं नाव. पद्धतीचं मूळ एवढंच की घटनेमुळे थेट राग येत नाही, घटना आणि राग यांच्या मधे आपलं एक वाक्य असतं आणि त्या वाक्यात बहुतेक वेळा हट्ट असतो. इंग्लिशवाले त्याला मस्ट म्हणतात, पण आपल्या मराठीत हे एका अक्षरात सापडतं, "च". झालंच पाहिजे. बोलताच कामा नये. हे मला सहनच होत नाही.

करायचं असं. वहीत तीन रकाने. पहिल्यात घटना, आणि घटना म्हणजे सीसीटीव्हीत दिसेल तेवढीच. मी लिहिलं "सासूबाईंनी अपमान केला", काउन्सेलरनी ते खोडलं. कॅमेऱ्यात अपमान दिसत नाही, कॅमेऱ्यात एक बाई फोनवर नाश्ता साडेनऊला होतो असं म्हणताना दिसते. तिसऱ्या रकान्यात परिणाम, राग ९, कढई आपटली, नळ तुटला. आणि मधला रकाना मुद्दाम शेवटी भरायचा, तो भरायला मला वीस मिनिटं लागली. शेवटी निघालं ते हे: मी एवढं मरमर करते तर त्यांनी माझं कौतुक केलंच पाहिजे, निदान लोकांपुढे नावं तरी ठेवताच कामा नयेत, आणि ठेवली तर त्या दुष्टच.

तीन वाक्यं, तीन "च". मग चौथा रकाना, उलटतपासणीचा. केलंच पाहिजे हे कुठे लिहिलंय? पंधरा वर्षांत किती वेळा केलं? (दोनदा, एकदा मोदकांचं.) मग सोळाव्या वर्षी अचानक करतील याला आधार काय? कौतुक नाही झालं तर वाईट वाटेल की मी संपेन? आणि शेवटी वाक्य पुन्हा लिहायचं, "च" काढून: त्यांनी कौतुक केलं तर मला फार आवडेल, नाही केलं तर वाईट वाटेल, पण ते मला सोसेल.

इथे बरेच जण फसतात, मीही फसले. "च" काढायचा म्हणजे "जाऊ दे, मला काही फरक पडत नाही" असं नाही. फरक पडतो. नाराजी राहणार, राहायला हवी, तीच तर नंतर नीट बोलायला कामी येते. संताप जाऊन नाराजी येणं, चिंता जाऊन काळजी येणं, खचून जाण्याऐवजी दुःख होणं, एवढाच बदल अपेक्षित असतो. काहीच वाटू नये असं हवं असेल तर काउन्सेलिंगला जाऊन पैसे फुकट घालवू नका, दगडाला कोणी फी लावत नाही.

आणि वहीत लिहिणं म्हणजे जमलं असं नाही. पहिले तीनचार आठवडे मी आधी भांडायचे आणि मग वहीत "च" शोधायचे. काउन्सेलर म्हणाल्या हेच बरोबर चाललंय, आधी भांडणानंतर कळतं, मग भांडता भांडता कळतं, मग कधीतरी तोंड उघडायच्या आधी. घाई नको.

तोपर्यंत त्या क्षणाला काय करायचं, कारण राग नऊवर असताना कोण रकाने भरतंय. दोन गोष्टी. एक श्वास, पण तो सगळे सांगतात तसा "दीर्घ श्वास घ्या" नाही, सोडणं लांबवायचं. चार आकडे घ्यायचा, सहा-सात आकडे सोडायचा, श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात म्हणून. पाचसहा वेळा. आणि हे शांत असताना रोज करायचं, मी लोकलमध्ये ठाणे ते मुलुंड करते, नाहीतर ऐनवेळी आठवत नाही. दुसरं म्हणजे तिथून निघायचं, पण आधी ठरवून. मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की मी "गच्चीवर जाते" म्हटलं तर अर्धा तास माझ्या मागे यायचं नाही, पण मी परत येणार आणि विषय पूर्ण करणार. न सांगता दार आपटून गेलं तर ते टाइम-आउट नाही, ते भांडणच. गच्चीवर जाऊन मनातल्या मनात "मी असं बोलायला हवं होतं" याची रिहर्सल करायची नाही, कुंड्या मोजा, समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजा, काहीही.

उशीवर बुक्के मारून राग निघतो हे डोक्यातून काढा. ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाने २००२ साली लोकांना पंचिंग बॅगवर बुक्के मारायला लावून बघितलं, ज्याच्यावर राग होता त्याचाच विचार करत बुक्के मारणाऱ्यांचा राग उलट जास्त निघाला. माझी कढई पण तसलीच पंचिंग बॅग.

एक मजेदार होमवर्क सांगते. लोक काय म्हणतील याची मला भयंकर धास्ती, आणि तिथूनच बराचसा राग येतो असं काउन्सेलरना वाटलं. एलिस म्हणे त्याच्या पेशंटना सबवेमध्ये, म्हणजे तिकडच्या भुयारी रेल्वेत, मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला सांगायचा, म्हणजे कळतं की लोक बघतात, हसतात आणि विसरतात. मला लेडीज डब्यात तेच करायला सांगितलं. मी "दिवाsss" म्हणून ओरडले. एक मावशी म्हणाल्या, अगं बाई, मुंब्रा आलंय अजून. संपलं, तेवढंच झालं.

घरच्यांशी बोलायचं ते शेवटी, "च" निघाल्यावर. आधी बोललात तर वाक्य "मी" ने सुरू केलं तरी आत आरोपच असतो. मी पाचव्या सेशननंतर सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही ताईंना उशीर होतो म्हणालात ते मला लागलं, मला गाडी पकडायची असते, उपमा तरी तुम्ही टाकाल का? त्या म्हणाल्या, मला कधी विचारलंस? आता मंगळवार-शुक्रवार त्या करतात. कौतुक अजून करत नाहीत.

काही गोष्टींत मात्र वही पुरणार नाही. जगायला नको असं वाटत असेल, आठवडाभर धड झोप नसेल, तर सरळ सायकियाट्रिस्टकडे जा, नाहीतर १४४१६ ला फोन करा, आजच. दारू प्यायल्यावरच राग येत असेल तर आधी दारूचं बघा. आणि घरात मार खाणारी तुम्ही असाल तर तुमचे विचार बदलायची काही गरज नाही, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. सोसेल हे वाक्य टोमण्यासाठी आहे, मारासाठी नाही. तुम्हीच मारणारे असाल तर ते पहिल्या सेशनला तोंडाने सांगा, लपवून केलेलं काउन्सेलिंग वाया जातं.

सहाआठ सेशन होऊनही काहीच हलत नसेल तर तसं काउन्सेलरला तोंडावर सांगा, फोन उचलायचे बंद करू नका. कधी पद्धत बदलतात, कधी दुसऱ्याकडे पाठवतात, त्यात कुणाचा अपमान नाही. माझी बारा सेशन झाली, आता दीडदोन महिन्यांनी एकदा जाते. पुढचं गणपतीच्या आधीच्या शनिवारी लावलंय, कारण पाच दिवस घरात सतरा माणसं असतात आणि नणंदबाई तर आदल्या दिवशीच येतात.